ईव्ही चार्जिंगला लावली की गरम होते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडी चार्जिंगला लावली की काहीतरी गरम लागतं, कधी सॉकेट, कधी गन (केबलचं गाडीत लावायचं टोक), कधी गाडीखालून गरम हवा, आणि मग मेसेज येतो की "हे बरोबर आहे का?" असे मेसेज इतके झालेत की उत्तरं एकाच जागी लिहून ठेवतोय. एक गोष्ट आधीच सांगतो, बहुतेक जणांना काळजी असते बॅटरीची, पण घरच्या चार्जिंगमध्ये खरा त्रास निघतो तो प्लग, सॉकेट आणि त्यामागच्या वायरच्या जोडात. म्हणून सुरुवातीचे बरेच प्रश्न त्याचेच आहेत, बॅटरीचे प्रश्न १० नंबरपासून पुढे.

१. चार्जिंग करताना गरम होणं नॉर्मल आहे की काहीतरी बिघडलंय?

थोडं गरम होणं अगदी नॉर्मल. भिंतीतून येते एसी वीज आणि बॅटरीला लागते डीसी, हे रूपांतर करणारा चार्जर कारमध्ये आतच बसवलेला असतो (ऑनबोर्ड चार्जर म्हणतात त्याला) आणि तो काही शंभर टक्के कार्यक्षम नसतो. समजा ७.२ किलोवॅटने चार्जिंग चालू आहे आणि त्यातले आठ टक्के वाया जातायत, तर जवळपास ५७५ वॅट नुसती उष्णता तयार होते, म्हणजे एक छोटा हीटरच. ती कुठेतरी बाहेर पडणारच. प्रश्न गरम होतंय का हा नाही, कुठे गरम होतंय आणि किती हा आहे. आख्खी केबल एकसारखी कोमट लागली तर बहुतेक वेळा काही नाही. एकच जागा, प्लगची एक बाजू किंवा सॉकेटचा एक कोपरा, बाकीच्यापेक्षा खूप जास्त गरम असेल तर तिथे काहीतरी बिघडलंय.

२. हात लावून कसं ओळखायचं, किती गरम म्हणजे जास्त?

चार्जिंग सुरू करून लगेच बघू नका, उष्णता साठायला वेळ लागतो. अर्धा-पाऊण तास झाला की प्लगच्या बाहेरच्या प्लास्टिकला हाताची उलटी बाजू लावा. कोमट, आरामात धरून ठेवता येतं, ठीक. पाच-सहा सेकंदांत हात काढावासा वाटला तर चार्जिंग थांबवा. चार्जिंगच्या आंतरराष्ट्रीय मानकात, आयईसी ६१८५१ मध्ये, भोवतालचं तापमान ४० अंश असताना हातात धरायच्या प्लास्टिकच्या भागासाठी ६० अंशांची मर्यादा आहे आणि धातूच्या भागासाठी ५० अंशांची, म्हणजे कडक उन्हाळ्यातसुद्धा याच्या वर जायला नको. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर उत्तमच, पण एक लक्षात घ्या, तो बाहेरचं प्लास्टिक मोजतो, आतली पिन त्याहून बरीच गरम असू शकते.

आणि जळका किंवा माशासारखा उग्र वास, प्लास्टिक पिवळं-तपकिरी झालेलं, तडतड आवाज, यातलं काहीही दिसलं तर हात लावून बघत बसू नका, सरळ प्रश्न २० वर जा.

३. सॉकेट १६ ॲम्पियरचं, चार्जरही तेवढाच करंट घेतो, मग सॉकेट का तापतं?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, गुणिले रेझिस्टन्स. सॉकेटची आतली पत्ती पिनेला घट्ट धरत असेल तर तिथला रेझिस्टन्स नगण्य असतो. पण पत्ती सैल झाली, तिच्यावर ऑक्साइडचा थर आला, किंवा मागचा स्क्रू नीट आवळलेला नसला आणि त्या एका जोडाचा रेझिस्टन्स समजा ०.१ ओहम झाला, तर १६ ॲम्पियरला तिथे १६ × १६ × ०.१ म्हणजे साधारण २५ वॅट उष्णता. सोल्डरिंग करायचं साधं यंत्र एवढ्याच वॅटचं असतं. म्हणजे प्लगच्या आत, प्लास्टिकमध्ये बंद करून, आपण एक सोल्डरिंग यंत्र तासन् तास चालू ठेवलंय असं समजा.

आता लोक म्हणतात याच सॉकेटवर गीझर वर्षानुवर्षं चालला, कधी काही झालं नाही. बरोबर आहे, पण गीझर पाणी तापलं की बंद होतो, इस्त्रीचंही तसंच, थर्मोस्टॅट मधेमधे तोडतो आणि सॉकेटला थंड व्हायला वेळ मिळतो. गाडी सलग सहा-आठ तास पूर्ण करंट ओढते आणि तेही रोज. सॉकेटवर जे रेटिंग छापलेलं असतं ते इतक्या सलग लोडला रोजच्या रोज पुरेलच असं गृहीत धरू नका, सतत चालणाऱ्या लोडला रेटिंगच्या ८० टक्क्यांच्या आत राहावं असा ठोकताळा त्यासाठीच आहे.

यात वाईट भाग असा की हे चक्र आहे. तापलं की पत्तीची स्प्रिंग मऊ पडते, पकड सैल होते, रेझिस्टन्स वाढतो, अजून तापतं. त्यामुळे "थोडंसंच तापतं, चालतंय की" असं सहा महिने चालतं आणि मग एका रात्रीत वितळतं. माझ्या स्वतःच्या पहिल्या सॉकेटचं हेच झालं, बाहेरून नुसता एक फिकट तपकिरी डाग होता, उघडलं तर आतली न्यूट्रलची वायर कोळशासारखी झालेली आणि इन्सुलेशन बोटाने चुरा होत होतं. तेव्हापासून महिन्यातून एकदा हात लावून बघायचं मी चुकवत नाही.

४. पण चार्जरमध्ये एवढी सेफ्टी असते ना, त्याला कळत नाही का?

चार्जर आणि गाडी एकमेकांशी बोलतात हे खरं. गनमधल्या कंट्रोल पायलट नावाच्या तारेवर १००० हर्ट्झचा सिग्नल असतो, त्यातून चार्जर गाडीला सांगतो की जास्तीत जास्त इतके ॲम्पियर घे. टाइप २ केबलमध्ये (कारच्या एसी चार्जिंगची केबल) एक छोटा रेझिस्टर असतो, त्यावरून केबलची क्षमताही कळते, उदाहरणार्थ २२० ओहम म्हणजे ३२ ॲम्पियरची केबल आणि ६८० ओहम म्हणजे २० ची. पण या सगळ्या बोलण्यात भिंतीमागची वायर कुठेच नाही! ती किती जाडीची, किती जुनी, जोड कसा मारलाय, हे चार्जरला कळायचा मार्ग नाही. काही चांगल्या पोर्टेबल चार्जरच्या भिंतीकडच्या प्लगमध्ये तापमानाचा सेन्सर असतो आणि प्लग तापला की तो करंट कमी करतो किंवा चार्जिंग तोडतो. विकत घेताना हे एक फीचर आवर्जून विचारा, मी तरी याच्याशिवायचा घेणार नाही.

५. इलेक्ट्रिशियनला बोलावलं तर त्याला नक्की काय बघायला सांगू?

"सगळं चेक करा" म्हटलं की टेस्टर लावून लाइट आहे म्हणून निघून जातात, असं बऱ्याच जणांनी कळवलंय. नेमकं सांगा. मेन बंद करून सॉकेट बाहेर काढायला लावा, मागचे तिन्ही स्क्रू आवळून बघायला लावा, वायरचं टोक काळं पडलंय का ते स्वतः बघा. डीबीमधल्या (घरातल्या स्विच-फ्यूजच्या डब्यातल्या) एमसीबीचे, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणाऱ्या स्विचचे, स्क्रूही. वायर डीबीपासून सॉकेटपर्यंत सलग आहे की मधे कुठे पिळून टेप मारलेला जोड आहे ते विचारा, टेप मारलेला जोड असेल तर तो काढायलाच हवा. कारसाठी वेगळं सर्किट, त्यावर दुसरं काही नको, स्वतःची एमसीबी आणि योग्य प्रकारची आरसीसीबी (करंट गळायला लागला की लाइन तोडणारा स्विच). वायरची जाडी अंतर आणि पाइपमधल्या गर्दीवर ठरते, पण १६ ॲम्पियर सलग ओढायचे असतील तर तांब्याची ४ चौरस मिलिमीटर आणि ३२ ॲम्पियरला किमान ६, अंतर लांब असेल तर १०, असं मी तरी धरून चालतो.

जुनं ॲल्युमिनियम वायरिंग असेल तर जास्तच काळजी, कारण ॲल्युमिनियम दाबाखाली हळूहळू सरकतं आणि त्यावर ऑक्साइडचा थर पटकन चढतो, म्हणजे आज घट्ट असलेला स्क्रू वर्षभराने सैल.

६. एक्स्टेंशन बोर्ड वापरला तर चालेल का, फक्त कधीतरी?

नाही. मल्टिप्लग, थ्री-पिनचा अडॅप्टर, गुंडाळीवाली रील, काहीच नको. प्रत्येक जोड म्हणजे प्रश्न ३ मधली तीच जागा आणखी एकदा. रीलचा धोका वेगळाच, गुंडाळलेल्या वायरची उष्णता बाहेर पडत नाही आणि आतल्या वेढ्यांचं इन्सुलेशन वितळतं, बाहेरून हात लावून कळतही नाही. चार्जिंग केबल स्वतःसुद्धा चालू असताना घट्ट गुंडाळी करून ठेवू नका, मोकळी पसरा.

७. करंट कमी केला तर खरंच फरक पडतो का, की नुसता वेळ वाढतो?

खूप फरक पडतो, कारण उष्णता वर्गाने कमी होते. मघाच्याच ०.१ ओहमच्या जोडावर १६ ला २५.६ वॅट, १२ ला १४.४ वॅट आणि १० ॲम्पियरला फक्त १० वॅट. म्हणजे करंट १६ चा १० केला, वेळ साधारण दीडपटीच्या थोडा वर गेला, पण उष्णता साठ टक्क्यांनी उतरली. रात्रभर गाडी उभीच असते, मग घाई कशाला? अनेक गाड्यांच्या स्क्रीनवर किंवा ॲपमध्ये ॲम्पियर सेट करता येतात. फक्त हे करून खराब सॉकेट "बरं" होत नाही, दुरुस्ती होईपर्यंतचा आधार एवढंच.

८. वायरिंग ठीक आहे का ते उघडून न बघता कळेल का?

बऱ्याच गाड्या किंवा चार्जरचं ॲप चार्जिंगच्या वेळचा व्होल्टेज दाखवतं. चार्जिंग सुरू व्हायच्या आधीचा आकडा आणि पूर्ण करंट सुरू झाल्यावरचा आकडा लिहून घ्या. समजा आधी २३० होता आणि १६ ॲम्पियरला २१२ झाला. १८ व्होल्ट मधेच गेले, गुणिले १६, म्हणजे २८८ वॅट तुमच्या वायरिंगमध्ये आणि बाहेरच्या लाइनमध्ये कुठेतरी जळतायत. थोडे व्होल्ट पडणं साहजिक आहे, सात-आठपर्यंत मी काही म्हणणार नाही, पण याहून जास्त पडत असेल तर कारण शोधा. बाहेरची लाइनच कमजोर आहे की घरातला दोष, हे कळायला त्याच वेळी डीबीवर मल्टीमीटरने मोजून घ्या (इलेक्ट्रिशियनकडूनच), डीबीवर २२८ आणि गाडीवर २१२ दिसले तर दोष मधल्या वायरीत किंवा सॉकेटमध्ये.

अजून एक, आकडा आधी ठीक असायचा आणि आता हळूहळू जास्त पडायला लागलाय, हे सैल होणाऱ्या जोडाचं अगदी पक्कं लक्षण. म्हणून पहिल्या दिवसाचे आकडे जपून ठेवा.

९. एमसीबी दुपारीच ट्रिप होते, रात्री त्याच करंटवर आरामात चालतं, असं का?

एमसीबीमध्ये दोन धातूंची एक पट्टी असते, ती तापून वाकली की ट्रिप. तिचं रेटिंग ३० अंश भोवतालच्या तापमानाला ठरवलेलं असतं. उन्हात तापलेल्या बंद डब्यात आत ५० अंश झाले तर तीच एमसीबी कमी करंटला सुटते. शिवाय शेजारी शेजारी दोन-तीन लोड असलेल्या एमसीबी चिकटून असतील तर एकमेकींना तापवतात. यावर मोठी एमसीबी टाकणं हा उपाय नाही, एमसीबी वायरला वाचवण्यासाठी असते, वायर तीच ठेवून एमसीबी मोठी केली की आता वायर आधी तापणार. डबा सावलीत हलवा, मधे जागा सोडा, किंवा चार्जिंग रात्रीवर ढकला. आणि हो, एमसीबीचाच स्क्रू सैल असला तरी हेच होतं, त्यामुळे प्रश्न ५ आधी करा.

१०. घरी चार्ज करताना बॅटरी गरम होत नाही पण फास्ट चार्जरवर होते, फास्ट चार्जिंग वाईट का मग?

हिशोब बघा. कारची बॅटरी ४०० व्होल्टची आणि तिचा आतला एकूण रेझिस्टन्स ०.१ ओहम धरू. घरी ७ किलोवॅटने बॅटरीत जातात साधारण १७-१८ ॲम्पियर, उष्णता जेमतेम ३० वॅट. तेवढ्या मोठ्या बॅटरीला ते जाणवतही नाही. फास्ट चार्जरवर ५० किलोवॅट म्हणजे १२५ ॲम्पियर, उष्णता जवळपास दीड किलोवॅट. शंभर किलोवॅटला चौपट, सहा किलोवॅटच्या वर. म्हणून मोठ्या वेगाने चार्ज होणाऱ्या बहुतेक गाड्यांमध्ये सेलच्या बाजूने कूलंट फिरवतात आणि गरज पडली तर केबिनच्या एसीचा कॉम्प्रेसरही लावतात.

वाईट म्हणाल तर, कधीमधी फास्ट चार्जिंग करायलाच ते बनवलंय, बिनधास्त करा. रोज, तेही कडक उन्हात आणि १०० टक्क्यांपर्यंत, हे मात्र टाळा. लिथियम-आयन सेलला १५ ते ३५ अंशांच्या आसपास चार्ज व्हायला आवडतं आणि अनेक सेलसाठी चार्जिंगची वरची मर्यादा ४५ अंशांच्या आसपास दिलेली असते.

११. चार्जिंग बंद करूनही फॅन आणि पंपाचा आवाज येतच राहतो, बिघाड आहे का?

नाही. बॅटरीसारखी जड वस्तू एकदा तापली की थंड व्हायला वेळ घेते आणि गाडी स्वतःहून ते काम करत असते. काही मिनिटं चालू द्या. उलट कडक उन्हाळ्यात फास्ट चार्जिंगला एकदाही फॅनचा आवाज आला नाही आणि वेग पडला, तर कूलंटची पातळी तपासून घ्या.

१२. चार्जर मोठा आहे पण गाडी निम्म्यानेच घेते, चार्जरवाले फसवतात का?

बहुतेक वेळा गाडीच हात आखडता घेते. चार कारणं असतात: बॅटरी गरम, बॅटरी फार थंड, चार्ज ८० टक्क्यांच्या वर गेलाय (तिथून पुढे वेग मुद्दाम उतरवतात), किंवा गाडीची स्वतःची कमाल मर्यादाच कमी. पाचवं कारण गनचं, त्यासाठी प्रश्न १५.

गरम बॅटरीचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे २०१८ ची निसान लीफ, ४० किलोवॅट-तासांची. तिच्या बॅटरीला कूलंट नव्हतं, आणि एकाच दिवशी लांबच्या प्रवासात दुसऱ्या-तिसऱ्या फास्ट चार्जला वेग इतका पडायचा की मालकांनी त्याला रॅपिडगेट असं नावच पाडलं. तुमच्या गाडीला कूलंट नसेल तर एका दिवसात सलग फास्ट चार्जचा बेत आखताना हे ध्यानात ठेवा. वेग पडला म्हणून चिडू नका, गाडी बॅटरी वाचवतेय.

१३. लांबून चालवत आलो की लगेच लावायची की थांबायचं?

कूलंट असलेली कार असेल तर लगेच लावा, तिचं ती बघते. हवेवर थंड होणारी बॅटरी, म्हणजे बहुतेक स्कूटर आणि काही छोट्या गाड्या, असेल तर सावलीत अर्धा-पाऊण तास थांबा. चालवताना बॅटरीतून करंट निघतो तेव्हाही ती तापते, चढ आणि वेग असेल तर जास्तच, आणि त्यावर लगेच चार्जिंगची उष्णता चढवली की आधीच ४० ला असलेली बॅटरी मर्यादेला टेकते. घरच्या मंद चार्जिंगला टायमर लावून रात्री उशिरा सुरू करा, दोन्ही कामं होतात.

१४. मग माझी गाडी फास्ट चार्जरला जाताना बॅटरी मुद्दाम गरम का करते? हे उलटं नाही का?

दिसायला उलटं, पण बरोबर आहे. थंड सेलचा आतला रेझिस्टन्स जास्त असतो आणि लिथियमचे आयन ॲनोडच्या (सेलच्या ऋण बाजूच्या) ग्रॅफाइटच्या आत शिरायला वेळ घेतात. जबरदस्ती केली तर ते आत न जाता वरच धातूच्या थरासारखे साचतात, याला लिथियम प्लेटिंग म्हणतात, आणि ते कायमचं नुकसान. शून्याच्या खाली तर हा धोका इतका की बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवणारी गाडीतली यंत्रणा) चार्जिंग अडवते किंवा अगदी मंद करते. म्हणून नेव्हिगेशनमध्ये चार्जर निवडला की अशा गाड्या वाटेतच बॅटरी गरम करून ठेवतात, थोडा वेळ ४० अंशांच्या आसपास आणि मग लगेच थंड. थोडक्या वेळाची नियंत्रित ऊब आणि तासन् तासांची भट्टी यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

१५. फास्ट चार्जरची गन हातात धरवत नाही इतकी गरम, वापरू का?

नको, दुसरी गन घ्या आणि चार्जरवाल्यांना कळवा. सीसीएस२ गनमध्ये (कारच्या डीसी फास्ट चार्जरची गन) डीसी पिनांजवळ तापमानाचे सेन्सर असतात, गरम झालं की चार्जर करंट उतरवतो, आणि तुम्हाला फक्त वेग कमी झालेला दिसतो. खूप मोठ्या करंटच्या, ५०० ॲम्पियरपर्यंतच्या केबलमध्ये तर आतून थंड द्रव फिरवलेला असतो. तरीही गन इतकी तापत असेल तर पिना झिजल्यात, धूळ-वाळू अडकलीय किंवा गन पूर्ण बसलेली नाही. दिवसभर कितीतरी गाड्यांत घुसते-निघते, जमिनीवर आपटते, झिजणारच. लावायच्या आधी एक नजर आत टाका, पिन काळी किंवा निळसर दिसली तर लावूच नका, कारण खराब गन तुमच्या गाडीचं सॉकेटही खराब करते (प्रश्न २१).

आपल्या गाडीचं सॉकेट साफ करायला पॉलिश पेपर किंवा तेल-ग्रीस वापरू नका, बऱ्याच पिनांवर चांदीचा मुलामा असतो, घासला की गेला. सगळं बंद असताना कोरडी फुंकर किंवा मऊ ब्रश, बस.

१६. स्कूटरचा चार्जर, म्हणजे तो ठोकळा, खूप तापतो. पंखा लावून ठेवू का?

कारमध्ये जो चार्जर आत असतो तो इथे बाहेर आहे, त्यामुळे त्याची उष्णता हाताला लागते. टणक, उघड्या पृष्ठभागावर ठेवा, भोवती एक वीत जागा मोकळी. गादी, सोफा, पायपुसणं, डिकीत ठेवून झाकण बंद, हे सगळं धोक्याचं. आतला फॅन धुळीने बसला असेल तर आवाजावरून कळतं. अशा बऱ्याच चार्जरचं आउटपुट ठरलेलं असतं, त्यामुळे लाइनचा व्होल्टेज पडला की तेवढी पॉवर भरून काढायला तो उलट जास्त करंट ओढतो आणि जास्त तापतो.

दुसऱ्या गाडीचा चार्जर "पिन बसते" म्हणून लावणं, हे कृपया कुणीच करू नका. व्होल्टेज जास्त असेल तर बॅटरी जास्त चार्ज होऊ शकते, आणि तिथून पुढे आगीचा धोका. काढता येणारी बॅटरी घरात चार्ज करत असाल तर दाराच्या वाटेत किंवा झोपायच्या खोलीत नको, काही झालं तर बाहेर पडायची वाट मोकळी हवी.

१७. उन्हात उभी गाडी चार्ज केली तर? आणि एसी लावून आत बसलं तर?

सावली मिळाली तर सावली, नाहीतर मंद चार्जिंग चालेल. उन्हापेक्षा जास्त नुकसान करते ती जोडी म्हणजे ऊन आणि १०० टक्के भरलेली बॅटरी, दिवसचे दिवस तशीच उभी. गावाला जाताना गाडी फुल करून उन्हात सोडू नका, ५०-६० वर ठेवा. चार्जिंग करताना एसी लावून बसायला हरकत नाही, पण ज्या गाडीत एकच कॉम्प्रेसर केबिन आणि बॅटरी दोन्ही बघतो तिथे फास्ट चार्जिंगचा वेग थोडा पडू शकतो. गाडीवर कव्हर घालून चार्ज करणं मात्र टाळा, समोरची जाळी झाकली की फॅन कुठली हवा ओढणार?

१८. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी असेल तर तापायची चिंता नाही ना?

कमी आहे, शून्य नाही. एलएफपीचा कॅथोड (सेलची धन बाजू) तापल्यावर एनएमसीइतक्या (निकेल-मँगनीज-कोबाल्टच्या बॅटरीइतक्या) सहज ऑक्सिजन सोडत नाही, त्यामुळे थर्मल रनअवे, म्हणजे उष्णतेने उष्णता वाढत जाणारी साखळी, जास्त तापमानाला सुरू होतो आणि कमी उग्र असतो. पण ज्वलनशील इलेक्ट्रोलाइट दोन्हीत आहे. आणि सॉकेटला बॅटरी कुठल्या प्रकारची याच्याशी काही देणंघेणं नाही, तुमची एलएफपी असली तरी प्रश्न ३ जसाच्या तसा लागू.

१९. बीएमएस सगळं बघते म्हणता, तरी चार्जिंगला लावलेल्या गाड्या पेटतात कशा?

कारण बीएमएस व्होल्टेज, करंट आणि काही ठिकाणचं तापमान बघते, सेलच्या आत काय झालंय ते तिला दिसत नाही. सेल बनवताना राहिलेला दोष, खालून बसलेला दणका, आत शिरलेलं पाणी, यातून आतल्या आत शॉर्ट होतो. मग साखळी सुरू होते: ८० ते १२० अंशांच्या दरम्यान ॲनोडवरचा संरक्षक थर फुटायला लागतो, १३० च्या आसपास पॉलिथिलीनचा सेपरेटर (दोन बाजू वेगळ्या ठेवणारा पडदा) वितळतो, दोन्ही बाजू भिडतात आणि मग थांबवायला हातात काही उरत नाही.

शेवर्ले बोल्टचं उदाहरण सगळ्यांना माहीत हवं. एकाच सेलमध्ये ॲनोडची पट्टी फाटलेली आणि सेपरेटरला घडी पडलेली असे दोन दोष एकत्र आले की आगीचा धोका, असं निघालं आणि ऑगस्ट २०२१ मध्ये कंपनीने सगळ्याच बोल्ट परत बोलावल्या. दुरुस्ती होईपर्यंत मालकांना सांगितलं होतं की ९० टक्क्यांच्या वर चार्ज करू नका आणि गाडी बाहेर उभी करा. यातून घ्यायचं ते इतकंच की आपल्या गाडीच्या चासी नंबरवर रिकॉल आहे का हे कंपनीकडे तपासा, सॉफ्टवेअर अपडेट टाळू नका, आणि खालून जोरात दणका बसला असेल तर चार्जिंगला लावण्याआधी बॅटरी दाखवून घ्या.

२०. वास किंवा धूर आला तर पहिल्यांदा काय करायचं?

आधी ठरवा कुठून येतोय.

सॉकेट-प्लगमधून असेल तर प्लग ओढू नका, करंट चालू असताना ओढला की ठिणगी पडते. एमसीबी किंवा मेन पाडा, तेही तिथपर्यंत सुरक्षित पोचता येत असेल तरच. पाणी मारू नका. थंड झाल्यावर प्लग काढा.

गाडीखालून किंवा बॅटरीतून पांढरा-राखाडी धूर, फुसफुस किंवा फटफट आवाज येत असेल तर काहीही वाचवायला जाऊ नका. माणसं बाहेर काढा, लांब उभे राहा, अग्निशमन दलाला फोन करा आणि इलेक्ट्रिक गाडी आहे हे सुरुवातीलाच सांगा. तो धूर विषारी असतो, त्यात हायड्रोजन फ्लोराइडसारखे वायू असतात, आणि बंद जागेत तो साचला तर त्याचा स्फोटही होऊ शकतो. घरातलं छोटं एक्स्टिंग्विशर बॅटरीच्या आतली साखळी थांबवू शकत नाही. विझल्यासारखी वाटली तरी काही तासांनी, कधी काही दिवसांनी पुन्हा पेटू शकते, म्हणून ती गाडी घराजवळ किंवा दुसऱ्या गाड्यांच्या शेजारी ठेवू नका.

२१. सॉकेट जळालं म्हणून नवीन बसवलं, आठवड्यात तेही तापायला लागलं. आता काय?

हा प्रश्न फसवा आहे आणि यात लोक दोन-दोन सॉकेट घालवतात. जोड म्हणजे दोन बाजू. सॉकेट नवीन घेतलं पण प्लगची पिन जुनीच, जी आधीच्या तापण्यात काळी आणि खडबडीत झालीय, ती नवीन पत्तीलाही खराब करणार. तसंच मागच्या वायरचं टोक, तेच जळकं टोक नव्या सॉकेटात आवळलं असेल तर जोड पहिल्या दिवसापासूनच खराब. वायर चकचकीत तांबं दिसेपर्यंत मागे कापून नव्याने जोडायला हवी, लांबी पुरत नसेल तर वायर बदला, टेपने जोड मारून वाढवू नका. प्लगची पिन काळी असेल तर ती घासून वापरायची नाही, प्लग किंवा केबल कंपनीकडूनच बदलून घ्या, कारण प्लगमध्ये सेन्सर असेल (प्रश्न ४) तर स्थानिक कारागिराने साधा प्लग लावला की तो सेन्सर कायमचा गेला, आणि हे गाडी वापरणाऱ्याला कुणी सांगतही नाही.

दोन्ही बाजू बदलल्यावर पहिल्या रात्री १० ॲम्पियरवर लावा, अर्ध्या तासाने हात लावून बघा, व्होल्टेज लिहून घ्या, मग १२, मग वर. तरीही तापलं तर दोष सॉकेटच्या मागे, भिंतीत आहे, आणि तो सापडेपर्यंत त्या जागेवरून गाडी लावू नका.